मण्यांच्या पेंडंटला तारेची कडी

मण्यांचं पेंडंट विणताना आपण रंग जुळवतो, मणी निवडतो, एकेक ओळ पुन्हा पुन्हा तपासतो. आणि शेवटी माथ्यावर बाजारातली पत्र्याची तयार कडी दाबून बसवतो. त्या कडीच्या आतल्या कडा बहुतेक वेळा नुसत्या ठोकून कापलेल्या असतात. हातानं विणलेलं पेंडंट सगळं दोऱ्यावर उभं असतं, आणि ती धार रोज त्या दोऱ्यावर घासत राहते. शिवाय तयार कडीचं तोंड ठरलेल्या मापाचं. आपल्या साखळीचा हूक त्यातून जाईल की नाही, पेंडंट समोर बघेल की कूस बदलेल, याचा तिच्यात विचार नसतो. पेंडंटचा सगळा भार ज्या एका जागी येतो ती ही जागा आहे. म्हणून ती स्वतः करावी, असं माझं ठाम मत आहे. तार, दोन पकडी आणि तासाभराचा वेळ एवढंच लागतं.

सुरुवात पेंडंटपासून करू नका, साखळीपासून करा. ज्या साखळीत हे पेंडंट घालायचं आहे ती समोर ठेवा आणि तिचं सगळ्यात जाड टोक शोधा. सोनाराकडच्या साखळीला बहुधा ‘एस’ आकाराचा हूक असतो, इमिटेशनच्या साखळीला खटक्याचा हूक असतो, आणि रेशमी दोऱ्याला गोंडा किंवा सरकती गाठ असते. पट्टीवर त्या टोकाची रुंदी मोजा. कडीच्या आतलं माप त्याहून निदान एक मिलिमीटर जास्त हवं. बारीक साखळ्यांना 5 मिलिमीटर पुरतं, पण मी सहसा 6 धरते, कारण पेंडंट एकाच साखळीत जन्मभर राहत नाही. गोंड्याच्या दोऱ्यात मात्र बंद कडी जाणारच नाही. तिथे आधी कडी ओवून मग गोंडा बांधून घ्यायचा, म्हणजे ते काम पटवेकऱ्याकडे देण्याआधी पेंडंट तयार हवं.

त्यानंतर दिशा. एवढी एक गोष्ट नीट समजली की पेंडंट फिरण्याची तक्रार कायमची संपते. गळ्यातली साखळी छातीवर मधोमध येते तेव्हा ती डावीकडून उजवीकडे जात असते. म्हणजे ज्या भोकातून ती जाणार ते भोकसुद्धा डावीकडून उजवीकडे आरपार हवं. समोरून बघणाऱ्याला चांगल्या कडीचं भोक दिसत नाही, तिची बाहेरची बाजू दिसते. आता पेंडंटच्या माथ्याकडे बघा. भोक समोरून दिसत असेल, म्हणजे तुमच्याकडून पाठीकडे आरपार जात असेल, तर मध्ये एक कडी हवी. ती कडी दिशा काटकोनात फिरवते आणि साखळीला सरळ वाट मिळते. भोक मुळातच डावीकडून उजवीकडे असेल तर मध्ये एक गोल कडी घातली की पेंडंट हमखास कुशीवर वळणार. तिथे एक तर काहीच नको किंवा दोन हव्यात. बाजारात पेंडंट आडवं फिरताना दिसलं की कड्या मोजून बघा, उत्तर तिथेच असतं.

आता तार. पुण्यात रविवार पेठेत, मुंबईत भुलेश्वरच्या गल्ल्यांत दागिन्यांच्या कच्च्या मालाची दुकानं आहेत, तिथे तांब्याची, पितळेची आणि रंगीत मुलामा दिलेली तार रिळावर मिळते. दुकानदार नंबर सांगतो, पण नंबरावर विसंबू नका. 20 नंबरची तार ब्रिटिश मोजणीत सुमारे 0.91 मिलिमीटर जाडीची असते आणि अमेरिकन मोजणीत 0.81. दोन्ही मोजण्या आपल्या बाजारात चालतात. त्यामुळे मिलिमीटरमध्ये मागा. कडीच्या गाभ्यासाठी 0.8, वरच्या गुंडाळीसाठी 0.4, आणि आडव्या भोकाच्या थेंबाकृती मण्यांसाठी 0.5, एवढ्या तीन जाड्यांत सगळं निभावतं.

सरावासाठी सगळ्यात स्वस्त तार मोटर वायंडिंगच्या दुकानात मिळते. तिथे तांब्याची तार वजनावर विकतात. तिच्यावर वार्निशचा पातळ थर असतो, त्यामुळे ती लवकर काळी पडत नाही, पण पकडीचा दात लागला की तो थर खरवडला जातो आणि ओरखडा उठून दिसतो. ही तार कधीही गॅसवर तापवू नका, जळणाऱ्या वार्निशचा धूर वाईट. हात बसल्यावर चांगल्या पेंडंटसाठी चांदीची तार घ्यावी. जर्मन सिल्व्हर नावाच्या तारेत चांदी अजिबात नसते, ती तांबं, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. ज्यांना निकेलची खाज येते त्यांच्या मानेला ती लागू देऊ नये. उघड्या तांब्यावर घाम लागला की हिरवट डाग पडतो. तो त्वचेवरून धुतला जातो, पण पांढऱ्या ब्लाउजवर बसला तर जीव हळहळतो.

माझी स्वतःची आवड सांगायची तर गाभा पितळेचा आणि गुंडाळी तांब्याची. पितळ जास्त ताठ असतं, त्यामुळे कडीचा आकार वर्षानुवर्षं टिकतो. तांबं मऊ, म्हणून साठ वेढे घेताना बोटं दुखत नाहीत. शिवाय दोन रंग शेजारी आले की कडी उठून दिसते.

अवजारं फारशी नाहीत. गोल टोकाची पक्कड (राउंड नोज म्हटलं की हार्डवेअरच्या दुकानात समजतं), चपट्या टोकाची पक्कड, आणि तार कापायचा कटर. चपट्या पकडीच्या आत खाचा नसाव्यात. खाचांची असेल तर दोन्ही जबड्यांना चिकटपट्टी गुंडाळा. कटरला एक सपाट आणि एक उतरती बाजू असते. सपाट बाजू नेहमी कामाच्या तुकड्याकडे ठेवा, म्हणजे तिथलं टोक सपाट कापलं जातं आणि टोकदार चोच टाकून द्यायच्या तुकड्याकडे जाते. बारीक कानस किंवा पॉलिश पेपर जवळ असू द्या. तार वळायला गोल दांडा लागतो, आणि त्यासाठी ड्रिलच्या बिटाचा मागचा गुळगुळीत भाग मला सगळ्यात आवडतो. 6 चा बिट बरोबर 6 मिलिमीटरचा असतो. विणकामाच्या सुयाही चालतात. पेन्सिल नको, तिला पैलू असतात आणि ते तारेवर उमटतात.

गुंडाळीची कडी

विणलेल्या पेंडंटला ही कडी सगळ्यात शोभते, कारण तिचे वेढे दुरून बारीक मण्यांच्या ओळीसारखेच दिसतात. हिशेब आधी करून घ्या. गाभा 0.8 आणि त्यावर दोन्ही बाजूंनी 0.4 ची गुंडाळी, म्हणजे सगळी जाडी 1.6 मिलिमीटर होते. ही 6 च्या दांड्यावर वळली की मधल्या रेषेचा व्यास 7.6 येतो, आणि पूर्ण फेऱ्याला जवळपास 24 मिलिमीटर लांबी लागते. तेवढी गुंडाळी 0.4 च्या तारेच्या साठ वेढ्यांनी होते. एका वेढ्याला पावणेचार मिलिमीटरच्या आसपास तार खपते, म्हणजे साठ वेढ्यांना साधारण 23 सेंटिमीटर. धरायला जागा हवी म्हणून 40 सेंटिमीटर घ्या. तुमच्या साखळीला मोठं तोंड हवं असेल तर हाच हिशेब नव्या व्यासानं मांडा.

गाभ्याची तार 10 सेंटिमीटर कापा. रिळावरून आलेल्या तारेला बाक असतो. तिचं एक टोक चपट्या पकडीत धरून बाकीची तार सुती फडक्यातून एक-दोनदा ओढा, बाक निघेल. मग दोन्ही टोकं दोन पकडींत धरून तारेला तिच्या अक्षाभोवती तीन-चार पीळ द्या. गोल तारेवर हा पीळ डोळ्यांना दिसत नाही, पण तार सरळ होते आणि ताठ होते. धातूला जितकं वाकवावं, पिळावं, तितका तो कडक होत जातो, आणि त्याचा इथे फायदा घ्यायचा. मात्र हे ताणत बसू नका. फार पिळलेली तार पुढे वळवताना तुटते.

आता गुंडाळी. बारीक तारेचं 5 सेंटिमीटरचं शेपूट सोडून ती गाभ्यावर अंगठ्यानं दाबून धरा. गाभा डाव्या हातात, बारीक तार उजव्या हातात. पहिले चार-पाच वेढे हट्टानं वाकडे येतात, ते शेवटी कापून टाकता येतात, म्हणून त्यांच्यात अडकू नका. बारीक तार गाभ्याला काटकोनात राहील असा हात ठेवा. तो कोन सुटला की वेढ्यांमध्ये फट पडते. दर आठ-दहा वेढ्यांनी नखानं सगळे वेढे एकमेकांकडे सरकवून घट्ट करा. तार ओढायची नाही, नुसती फिरवायची. ओढलेली गुंडाळी गाभ्याला इतकी चिकटते की नंतर सरकत नाही, आणि आपल्याला ती सरकायला हवी आहे. वेढे मोजण्यापेक्षा पट्टीवर लांबी बघा. 24 मिलिमीटर झालं की थांबा, दोन्ही शेपटं अगदी जवळून कापा आणि पकडीच्या टोकानं कापलेलं टोक गाभ्याकडे दाबून बसवा. आता गुंडाळीवरून बोटाचं पेर फिरवा. कुठेही टोचलं तर ते टोक पुन्हा दाबा.

पुढचा टप्पा दोन डोळ्यांचा, म्हणजे गाभ्याच्या दोन्ही टोकांना लहान गोल वेटोळी करायचा. आतून 3 मिलिमीटरच्या डोळ्याला 12 मिलिमीटर तार लागते. गोल पकडीच्या जबड्यावर जिथे 3 मिलिमीटरचा घेर येतो तिथे मार्करनं खूण करा आणि दोन्ही डोळे त्याच खुणेवर वळा, नाहीतर एक मोठा आणि एक लहान होतो. गाभ्याच्या एका टोकापासून 12 मिलिमीटरवर चपट्या पकडीनं तार काटकोनात वाकवा. मग गोल पकडीनं टोक पकडून उलट दिशेला गुंडाळत आणा, जोवर टोक मानेला, म्हणजे काटकोनाच्या जागेला, टेकत नाही तोवर. आधी काटकोन आणि मग उलट वळण, या क्रमामुळे डोळा तारेच्या मधोमध बसतो. काटकोन न करता थेट वळलं तर डोळा एका बाजूला लोंबतो आणि कडी तिरकी दिसते.

गुंडाळी सरकवून या डोळ्याला टेकवा. तिच्या दुसऱ्या कडेपासून 12 मिलिमीटर मोजून जास्तीचा गाभा कापा, टोकाची चोच कानशीनं घासा, आणि तसाच दुसरा डोळा करा. दोन्ही डोळे टेबलावर सपाट झोपायला हवेत, एक झोपलेला आणि एक उभा असं नको. तसं झालं असेल तर दोन्ही डोळे दोन पकडींत धरून हलकेच पीळ द्या आणि एका पातळीत आणा.

मग वळणं. तुकडा टेबलावर ठेवा, डोळे सपाट. 6 चा बिट त्याच्या बरोबर मध्यावर आडवा ठेवा. आता दोन्ही बाजू अंगठ्यांनी टेबलापासून वर उचलत बिटाभोवती आणा. तार टेबलाच्या पातळीत डावीकडे-उजवीकडे वळवू नका, वरच उचला. दिशेचं सगळं गणित या एका हालचालीत आहे. वर उचललं की दोन्ही डोळे समोरासमोर येतात, त्यांची भोकं एका रेषेत येतात, आणि मधलं मोठं भोक त्यांना काटकोनात राहतं. बिट तसाच ठेवून दोन्ही मानांना चपट्या पकडीनं हळूच जवळ आणा. डोळे एकमेकांना टेकले की बिट काढा. वळताना गुंडाळीचे वेढे बाहेरच्या बाजूला किंचित उघडतात, ते तसंच व्हायचं. फट फार दिसत असेल तर पुढच्या वेळी चार वेढे जास्त घ्या.

या कडीवर हातोडी चालवू नका. इतर कड्या शेवटी ऐरणीवर मोगरीनं हलकेच ठोकून ताठ करतात, पण इथे गुंडाळी चपटी होईल. ताठपणा आपण आधीच गाभ्याला पीळ देऊन मिळवला आहे.

पेंडंट अडकवणं

आता पेंडंटच्या माथ्यावर या. विणलेल्या पेंडंटला कडी थेट दोऱ्यात कधीच अडकवू नये. माथ्यावर मण्यांचा एक छोटा फास विणायचा, आणि तार त्या फासात, मण्यांच्या अंगावर टेकेल अशी ठेवायची. 11 नंबरचे बारीक मणी असतील तर अकरा ते तेरा मण्यांचा फास पुरतो. त्यातून सुई निदान तीनदा फिरवा, आणि मण्यांची भोकं दोऱ्यानं भरत आली की थांबा. शेवटची गाठ फासात नको, ती पेंडंटच्या अंगात दोन ओळी खाली लपवा. फासासाठी मणी निवडून घ्या. आपल्याकडच्या हातकामाच्या काचमण्यांत काहींच्या भोकाच्या कडा खडबडीत असतात. ते पेंडंटच्या मधल्या भागात खपून जातात, फासात ते दोरा कापतात. भोकात सुई फिरवून बघितली की खरखर कळते.

हा फास पेंडंटच्याच पातळीत असतो, त्याचं भोक समोरून दिसतं. म्हणजे वरच्या नियमानं मध्ये एक कडी हवी. तिच्यासाठी साधी जंप रिंग वापरता येते, पण तिला एक फट असते, आणि दोऱ्याचा फास फटीतून निसटतो तो नेमका लग्नाच्या मांडवात. मी दोन वेढ्यांची कडी करते. 0.8 ची तार 5 च्या दांड्यावर सलग दोन वेढे घ्या, वेढे चिकटलेले ठेवा, आणि दोन्ही टोकं सपाट कापून घासा. ही कडी किल्ल्यांच्या रिंगसारखी चालते. एक टोक नखानं उचलून आधी गुंडाळीच्या कडीच्या दोन्ही डोळ्यांतून आणि मग मण्यांच्या फासातून सरकवत न्यायची. घालायला चिवट आहे, पण एकदा बसली की बाहेर यायला तिला वाटच नसते. शेवटी तिची कापलेली टोकं फिरवून वर, दोन डोळ्यांच्या मध्ये आणून ठेवा, म्हणजे ती मण्यांपाशी राहणार नाहीत.

साधी जंप रिंगच वापरायची असेल तर ती बाहेरच्या दिशेनं फाकवू नका. दोन्ही टोकं दोन पकडींत धरून एक टोक पुढे आणि एक मागे करा, आणि तशीच मिटवा. फाकवलेली रिंग पुन्हा पूर्ण गोल होत नाही.

आडव्या भोकाचा थेंब

काही पेंडंटमध्ये खाली एकच थेंबाकृती मणी किंवा मोती लोंबतो, आणि त्याचं भोक माथ्याजवळ आडवं असतं. खंभातचे अकीक, कार्नेलियन असे मिळतात, पाण्यातले मोतीही मिळतात. इथे गुंडाळीची वेगळी कडी नको, मण्यातून जाणाऱ्या तारेचीच कडी होते. दगडी मण्याला 0.5 ची तार, मोत्याला 0.4 ची. मोत्याचं भोक फार बारीक असतं, आणि दोन्ही बाजूंनी पाडलेलं असेल तर मध्येच अरुंद होतं. जबरदस्तीनं तार घुसवली तर मोती तडकतो. न गेल्यास बारीक तार शोधा, मोत्याशी झगडू नका.

20 सेंटिमीटर तार घ्या आणि मण्यातून अशी ओवा की एका बाजूला 4 सेंटिमीटर राहील. दोन्ही बाजू मण्याच्या खांद्यांवरून वर आणा. तार वाकवताना मण्याच्या कडेचा आधार घेऊ नका, बोटाच्या पेरावर आधी थोडा बाक द्या आणि मग वर घ्या. थेंबाचं टोक पातळ असतं आणि पहिला टवका तिथलाच उडतो. दोन्ही तारा टोकाच्या वर एक मिलिमीटर जागा सोडून एकमेकींना छेदतील असा त्रिकोण करा. ती जागा सोडली नाही तर थेंब हलत नाही, आणि न हलणारा थेंब लवकर फुटतो. छेदाच्या जागी दोन्ही तारा सरळ वर उभ्या करा. आखूड तार लांब तारेभोवती दोनदा घट्ट गुंडाळून कापा.

आता उरली लांब तार. वेढ्यांच्या लगेच वर ती चपट्या पकडीत धरा आणि मागे, थेंबाच्या पाठीकडे वाकवा. इथे हात सवयीनं ती उजवीकडे वाकवतो, आणि मग तयार कडीचं भोक समोर येऊन थेंब कुशीवर जातो. मागे वाकवलेली तार 4 च्या दांड्यावरून पुढे आणा, खाली घ्या, असे दोन पूर्ण वेढे करा, आणि मानेपाशी येऊन थांबा. दांडा काढा, मोठा डोळा पकडीत चपटा धरा आणि उरलेली तार मानेवर वरून खाली गुंडाळा. दोन वेढ्यांवर थांबलात तर कडी नाजूक राहते. तार उरली असेल तर थेंबाच्या खांद्यांपर्यंत खाली उतरत जा, भोक पूर्ण झाकेपर्यंत. हे वेढे एकसारखे नसले तरी छान दिसतात, घरट्यासारखा थोडा विस्कटलेपणा त्यांना शोभतो. शेवटचं टोक पाठीमागे, एखाद्या वेढ्याखाली सारा.

उभ्या भोकाचा मणी असेल तर काम आणखी सोपं. 0.8 ची तार, खालच्या टोकाला चपटं वेटोळं, मणी ओवायचे, वर दोन मिलिमीटर मान सोडून मागे वाकवून 5 किंवा 6 च्या दांड्यावर दोन वेढे, आणि मानेवर तीन वेढे. मणी गोल असेल तर दिशेचा प्रश्नच येत नाही. चपटा असेल तर मानेचे वेढे मण्याला घट्ट टेकू द्या, नाहीतर तो तारेवर गरगर फिरतो.

तपासणी आणि निगा

तयार कडीवरून कापसाचा बोळा फिरवा, आतून, बाहेरून, डोळ्यांच्या आतून. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे धार आहे. ती पॉलिश पेपरनं घासा आणि पुन्हा फिरवा. हे बोटानं कळत नाही, कापसालाच कळतं. रेशमी साडीच्या पदरावर तपासून बघू नका, धागा निघाला तर पदर गेला.

मग भार. पेंडंट घालण्याआधी कडीत पेंडंटच्या दुप्पट वजनाचं काहीतरी, किल्ल्यांचा जुडगा चालेल, रात्रभर टांगून ठेवा. सकाळी दोन डोळ्यांमध्ये फट पडलेली दिसली तर गाभा मऊ आहे. पीळ जास्त द्या किंवा पितळ घ्या. मोठा दगड, भरपूर मणी असं वजनदार पेंडंट असेल तर गाभा सरळ 1 मिलिमीटरचा धरा आणि हिशेब नव्यानं मांडा.

तांब्याची झळाळी हवी असेल तर चिंचेच्या कोळानं किंवा लिंबू-मिठानं कडी चोळा, पण पेंडंट अडकवण्याच्या आधीच. मोती, पोवळं, शिंपला यांना आंबट लागलं की त्यांची चमक कायमची जाते, कारण ते चुन्याच्याच जातीचे आहेत आणि आम्लात विरघळतात. कडी धुवून, पूर्ण सुकवून तिच्यावर पारदर्शक लॅकरचा एक पातळ हात दिला तर रंग बराच काळ टिकतो. नेलपॉलिशचा हात देऊ नका, त्याचे पापुद्रे निघतात आणि वेढ्यांच्या फटींत अडकून बसतात.

नेहमी वापरातल्या पेंडंटचा फास दिवाळीच्या आधी एकदा भिंगाखाली बघत जा. दोरा केसाळ दिसायला लागला, किंवा तारेच्या संपर्कात येणारे मणी एका बाजूनं झिजलेले दिसले, तर दोन वेढ्यांची कडी उलगडून काढा, तेवढा फास उसवून नवीन विणा आणि तीच गुंडाळीची कडी पुन्हा बसवा. पेंडंटच्या बाकीच्या विणीला हात लावावा लागत नाही.